परवान्यावरचा शेरा

जुन्या कोल्हापुरातल्या पेठा वारांच्या नावांनी ओळखल्या जातात: मंगळवार, बुधवार, शुक्रवार, शनिवार. शाहूपुरीत मात्र गल्ल्यांना आकडे आहेत. पहिली गल्ली, दुसरी गल्ली, तिसरी गल्ली एवढे सांगितले की रिक्षावाल्याला पुढचे विचारावे लागत नाही. वस्ती आधी आणि रस्ता मागाहून अशी ज्या भागाची वाढ झाली, तिथल्या बोळांना आकडे पडत नाहीत. ते पडतात आधी कागदावर आखलेल्या पेठेला. मिरजेहून कोल्हापुरात रेल्वे आली १८९१ साली. शाहू महाराजांनी १८९४ च्या एप्रिलमध्ये राज्यकारभार हाती घेतला आणि पुढच्याच वर्षी, ऐन विशीत, स्टेशनाच्या आसऱ्याने ही व्यापारी पेठ वसवली. (साताऱ्यातही एक शाहूपुरी आहे, ती निराळी.) गुऱ्हाळांतून बैलगाड्यांनी गुळाचे रवे यायचे, अडत्याच्या दारी सौदा निघायचा आणि माल रेल्वेने गुजरातच्या वाटेला लागायचा. पुढे बैलगाडीची जागा ट्रकने घेतली, शेजारी मध्यवर्ती बसस्थानक उभे राहिले, गुळाचा सौदा मार्केट यार्डात गेला आणि स्टेशन रोड ट्रॅव्हल्सच्या कचेऱ्यांनी भरून गेला. सव्वाशे वर्षांत पेठेचा माल बदलला, पण तिचे पोट चाकावरच राहिले. तरीही पेठेचा इतिहास सांगताना अडते, पेढीवाले, दुकानदार यांची नावे निघतात. माल आणणाऱ्या-नेणाऱ्या माणसाचे नाव निघत नाही. गाडीवानाची नोंद ठेवायचे कुणाला कारणच नव्हते. मोटारीच्या चालकाची नोंद सरकारदरबारी होऊ लागली, तीही दोनदाच: एकदा परवाना काढताना आणि एकदा त्या परवान्यावर शेरा बसताना.

या शेऱ्याचा इतिहास इथे पाहायचा आहे, कारण तो पुसायचा कसा या प्रश्नाला जगभर वेगवेगळी उत्तरे दिली गेली. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत वाहतुकीचा नियम मोडला की चालकाच्या नावावर गुण चढतात, ठरावीक गुण झाले की परवाना जातो, आणि सुधारवर्गात बसून त्यातले काही गुण वजा करून घेता येतात. न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या मराठी घरांत ही गोष्ट विम्याच्या हप्त्याइतकीच ओळखीची आहे. आपल्याकडे ही पद्धत ऐकली की पहिली प्रतिक्रिया हसण्याची असते: म्हणजे चार तास वर्गात बसा आणि गुन्हा माफ! माझे म्हणणे असे की हसण्याआधी आपण स्वतःच्या कायद्यात शेरा कसा पुसला जातो ते पाहावे. गेली शंभर-सव्वाशे वर्षे आपल्याकडेही शेरा पुसला जातच होता. कधी नुसते दिवस गेले म्हणून, कधी पैसे भरले म्हणून. शिकला म्हणून पुसायचा, हा तिसरा मार्ग मात्र आपण फार उशिरा उघडला, आणि तोही अर्धाच.

शेऱ्याची कल्पना इंग्लंडमधून आली. तिथल्या १९०३ च्या मोटारकार कायद्याने चालकाला परवाना सक्तीचा केला. पाच शिलिंग फी, परीक्षा कसलीच नाही, आणि वेगाची मर्यादा ताशी वीस मैल. गुन्हा शाबीत झाला तर न्यायालयाने तो परवान्याच्या पाठीवर नोंदवायचा. या नियमाला एक अपवाद होता, आणि तो फार बोलका आहे: केवळ वेगमर्यादा ओलांडल्याचा पहिला किंवा दुसरा गुन्हा असेल तर शेरा नाही. मोटार तेव्हा कुणाकडे होती, हे आठवले की अपवादाचा अर्थ लागतो. वेग हा सरदार-जमीनदारांचा शौक होता आणि कायदा करणारे त्यांच्याच पंगतीतले होते. मुंबई इलाख्यात मोटारींचा कायदा १९०४ मध्ये आला, साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानासाठी १९१४ मध्ये, आणि त्याची जागा घेणारा मोठा कायदा १९३९ मध्ये. कोल्हापूर संस्थान या काळात आपल्या कारभाराने चालले होते. इथली मोटारही दरबारातूनच रस्त्यावर आली. राजाराम महाराजांची १९३६ सालची मेबॅक आजही दसऱ्याला दसरा चौकात येते आणि लोक तिला बघायला गर्दी करतात. १९४९ च्या मार्चमध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि तिथे चालू असलेला १९३९ चा मोटार कायदा शाहूपुरीच्या गल्ल्यांनाही लागू झाला. तोवर चित्र पालटले होते. स्टिअरिंगवर मालक बसायचे दिवस संपत आले होते. तिथे आता पगारी ड्रायव्हर होता. पण त्याला जो कायदा मिळाला तो हौशी मालकांच्या सवयीवर बेतलेला होता.

याचा पुरावा १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात शिल्लक आहे. कलम २४ शेरा कधी मारायचा ते सांगते, कलम २५ तो कधी उतरवायचा ते. शेरा बसल्यानंतर सलग तीन वर्षे दुसरा शेरा बसला नाही, तर जुना परवाना जमा करून आणि पाच रुपये फी भरून चालकाला कोरा परवाना मागण्याचा हक्क आहे. शेरा केवळ वेगमर्यादेच्या उल्लंघनाचा असेल, तर तीन वर्षांऐवजी एकच वर्ष. १९०३ च्या इंग्लंडमधली मेहेरबानी पंचाऐंशी वर्षांनी आणि सात हजार किलोमीटर प्रवास करून आपल्या कायद्याच्या परंतुकात येऊन बसली, असे मी म्हणतो. वंशावळ लावायला दुसरा दुवा मला दिसत नाही. केंद्र सरकारचेच अपघात अहवाल दरवर्षी सांगतात की मृत्यूंच्या कारणांत अतिवेगाचा वाटा सर्वांत मोठा आहे. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. ज्या गुन्ह्याने सर्वाधिक माणसे मरतात त्याचाच शेरा सर्वांत लवकर पुसला जावा, ही तरतूद विचारपूर्वक केलेली असणे कठीण. ती वारशाने आली आणि कुणी हलवली नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतरही वेगाच्या पहिल्या गुन्ह्याला दंड आणि परवाना जप्त व्हायचा तो दुसऱ्या गुन्ह्यापासून, अशीच रचना आहे.

काळाने शेरा पुसण्यामागे एक तत्त्व आहे आणि ते अगदीच टाकाऊ नाही. तीन वर्षे ज्याच्या हातून चूक झाली नाही तो सुधारला, असे कायदा गृहीत धरतो. अडचण अशी की कायद्याला फक्त पकडलेली चूक दिसते. तीन वर्षांत दुसरा शेरा बसला नाही याचा अर्थ माणूस सुधारला असा होतो, किंवा तो सापडला नाही असा होतो, किंवा तो तीन वर्षे गाडी न चालवता घरी बसला असाही होतो. कोरा परवाना या तिघांनाही सारखाच मिळतो. ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडून रात्रीची फेरी मारणारा आणि उरलेले सात-आठ महिने शेतात राबणारा चालक घ्या. त्याच्या बाबतीत तीन वर्षे म्हणजे तीन हंगाम. रोज बस चालवणाऱ्याच्या तीन वर्षांशी त्यांची बरोबरी करता येईल का?

दुसरा मार्ग पैशाचा, आणि व्यवहारात हाच हमरस्ता झाला. कायद्याच्या भाषेत त्याला तडजोड म्हणतात. कलम २०० प्रमाणे ठरलेली रक्कम जागेवरच भरली की प्रकरण मिटते. खटला नाही, म्हणून दोषसिद्धी नाही, आणि दोषसिद्धी नाही म्हणून शेराही नाही. शेऱ्याची सारी इमारत न्यायालयाच्या निकालावर उभी होती. तडजोडीने तो पायाच काढून घेतला. लाखो गुन्ह्यांचे खटले चालवणे कुठल्याच न्यायव्यवस्थेला झेपणार नाही हे खरे, त्यामुळे तडजोडीची सोय चुकीची होती असे मी म्हणत नाही. पण तिचा परिणाम असा झाला की दहा वेळा दंड भरलेल्या चालकाचा परवाना आणि आयुष्यात एकदाही शिट्टी न ऐकलेल्याचा परवाना एकाच रंगाचे राहिले. ई-चलान आल्यावर हा गुंता वाढला. कॅमेऱ्याला गाडीचा नंबर दिसतो, चालक दिसत नाही. चलान मालकाच्या मोबाइलवर जाते. सरकारी संगणकावर गाड्यांची नोंदवही ‘वाहन’ नावाची आहे आणि परवान्यांची ‘सारथी’ नावाची. चलान फाटते ‘वाहन’कडे बघून, आणि शिकायला हवे असते सारथ्याला. चालक कोण होता हे मालकाने सांगितले पाहिजे अशी सोय कलम १३३ मध्ये आहे, पण नाव कळवण्याच्या खटाटोपापेक्षा दंड भरून तो ड्रायव्हरच्या पगारातून कापणे मालकाला सोपे पडते. अशा वेळी ड्रायव्हरला बसतो तो भुर्दंड. रस्त्याबद्दल तो त्यातून काहीच शिकत नाही.

महाराष्ट्रात या प्रश्नावर गेल्या काही वर्षांत जो वाद झाला तोही पैशाभोवतीच फिरला. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये वाढीव दंड लागू व्हायचे होते, तेव्हा तत्कालीन परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी ते फार जड आहेत म्हणून केंद्राला फेरविचार करायला सांगितले, आणि राज्यात नवे दर आले ते २०२१ च्या डिसेंबरमध्ये. दारू पिऊन गाडी चालवण्याचा दंड दोन हजारांवरून दहा हजारांवर, किरकोळ गुन्ह्यांचा शंभरावरून पाचशेवर, यावर चहाच्या टपरीपासून विधिमंडळापर्यंत चर्चा झाली. त्याच दुरुस्ती कायद्यात कलम १९ ला जी पोटकलमे जोडली गेली होती, त्यांच्याबद्दल कुणी अवाक्षर काढले नाही. माझ्या मते त्या कायद्यातला खरा नवा विचार तिथे होता. परवाना निलंबित झाला, तर मुदत संपल्यावर तो आपोआप परत मिळणार नाही. चालकाने उजळणी प्रशिक्षण यशस्वीपणे पूर्ण केले तरच मिळेल, असे ती पोटकलमे सांगतात. कलम २०० लाही अशीच पुरवणी जोडली: तडजोडीची रक्कम भरली म्हणून प्रशिक्षणातून किंवा समाजसेवेच्या कामातून सुटका नाही. म्हणजे १९०३ पासून धरले तर एकशे सोळा वर्षांनी कायद्याने पहिल्यांदा म्हटले की पैसा वेगळा, दिवस वेगळे आणि शिकणे वेगळे.

हे म्हणायला इतका उशीर का लागला? आपल्याकडे चालकाला शिकवण्याची रीतच नव्हती, असे उत्तर कुणी देईल तर ते चूक ठरेल. ट्रकच्या धंद्यात क्लीनर म्हणून (बोलीत त्याचा ‘किन्नर’ झाला) पोरगा लागायचा. गाडी धुणे, टायर ठोकून हवा बघणे, मागे बघून ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणणे, घाटात चाकाला दगड लावणे, हे सगळे करता करता काही वर्षांनी रिकाम्या रस्त्यावर स्टिअरिंग त्याच्या हातात यायचे. शिकवणारा वस्ताद किंवा उस्ताद. कोल्हापुरात हा शब्द तालमीतून आलेला, आणि तालमीत जसे वस्तादाच्या नजरेतून चूक सुटत नाही तसे इथेही. या पद्धतीचे दोष उघड आहेत: वस्तादाला जे येत नाही ते पोराला कधीच कळत नाही, आणि वस्तादाच्या वाईट सवयी पिढ्यान्‌पिढ्या उतरतात. पण चूक झाल्यावर पुन्हा शिकवायचे, हा तिचा गाभा होता. दुसऱ्या बाजूला एसटी. १९४८ च्या १ जूनला पुणे ते अहमदनगर पहिली गाडी धावली, तेव्हापासून परवान्याव्यतिरिक्त महामंडळाचे स्वतःचे प्रशिक्षण ही चालकाच्या नोकरीची अटच राहिली आहे. भोसरीला १९६७ मध्ये केंद्रीय मार्ग परिवहन संस्था निघाली आणि देशभरच्या महामंडळांचे लोक तिथे शिकायला येऊ लागले. आणि केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नववा नियम पाहा: ज्वालाग्राही किंवा विषारी माल वाहणाऱ्या टँकरच्या चालकाने तीन दिवसांचे प्रशिक्षण घ्यायचे आणि नूतनीकरणाच्या वेळी एका दिवसाची उजळणी करायची. म्हणजे शिकवता येते आणि पुन्हा शिकवता येते, हे सरकारला ठाऊक होते. फक्त ते पेट्रोलच्या टँकरपुरते ठाऊक होते.

गुणांच्या पद्धतीलाही आपण शिवून आलो आहोत, आणि त्या प्रकरणाचा महाराष्ट्राशी दुःखद संबंध आहे. ३ जून २०१४ ला गोपीनाथ मुंडे यांचा दिल्लीत मोटार अपघातात मृत्यू झाला. त्यानंतर नितीन गडकरी यांच्या खात्याने नवा रस्ते वाहतूक व सुरक्षा कायदा करण्याचे जाहीर केले, आणि २०१४ मध्येच निघालेल्या मसुद्यात चालकाच्या नावावर दंडगुण चढवण्याची कल्पना होती. मसुदा मसुदाच राहिला. त्याच्या जागी जुन्या कायद्याची दुरुस्ती आली, ती २०१६ मध्ये मांडली गेली, एकदा बारगळली आणि २०१९ मध्ये मंजूर झाली. त्या वाटेत गुण गळून पडले. तेलंगणाने मात्र १ ऑगस्ट २०१७ पासून आपल्यापुरती गुणपद्धत सुरू केली: चोवीस महिन्यांत बारा गुण झाले की एक वर्ष परवाना निलंबित. महाराष्ट्राने तसे केले नाही. गुण गळाल्यामुळे २०१९ च्या कायद्यात एक विचित्र पोकळी राहिली. प्रशिक्षण आहे, पण ते शिडीच्या अगदी वरच्या पायरीवर. परवाना निलंबित होईपर्यंत चालकाला कुणी वर्गात बोलवत नाही. मधल्या पायऱ्या, म्हणजे जिथे माणूस अजून बिघडायचा आहे आणि चार शब्द ऐकू शकतो, तिथे पुन्हा तेच: पैसे भरा, चला. ताप वाढून माणूस आडवा होईपर्यंत औषध द्यायचे नाही, असा हा प्रकार झाला.

सुधारवर्गाच्या बदल्यात गुण वजा करण्याची पद्धत नेमकी या मधल्या पायऱ्यांसाठी आहे, आणि ती ‘चार तासांत गुन्हा माफ’ अशी नाही हे तपशील पाहिल्यावर कळते. न्यूयॉर्क राज्यात मान्य वर्ग पूर्ण केला तर जास्तीत जास्त चार गुण हिशेबातून वगळले जातात. पण दोषसिद्धी नोंदीवर तशीच राहते. वगळले जाते ते फक्त निलंबनासाठीच्या बेरजेतून, आणि अठरा महिन्यांत ही सवलत एकदाच. न्यू जर्सीत दोन किंवा तीन गुण, वर्गाच्या प्रकाराप्रमाणे. जर्मनीत गुणांची नोंद फ्लेन्सबुर्ग या गावी ठेवतात. १९७४ पासूनची ती पद्धत २०१४ मध्ये बदलली आणि आता आठ गुणांवर परवाना जातो. तिथे स्वखुशीने वर्ग केला तर एक गुण कमी होतो, तोही पाच वर्षांत एकदाच, आणि ज्याचे गुण पाचाच्या पुढे गेले त्याला ही वाट बंद. या शेवटच्या अटीतले शहाणपण मला फार मोलाचे वाटते. ज्याला सुधारायचे आहे त्याने आधीच यावे. परवाना गळ्याशी आल्यावर वर्गाचा दाखला ढालीसारखा धरता येणार नाही. शेऱ्याचे मूळ जिथले त्या ब्रिटनमध्ये पोलीस वेगाच्या सौम्य गुन्ह्याला दंड आणि तीन गुणांऐवजी वर्ग देऊ करतात, तीन वर्षांत एकदा. १९०३ मध्ये वेगाच्या पहिल्या गुन्ह्याला ज्यांनी शेऱ्यातून नुसतेच सोडून दिले, त्यांनीच पुढे त्या सुटकेला शिकण्याची किंमत लावली.

आता आक्षेपांकडे येऊ, कारण ते पोकळ नाहीत. सर्वांत वजनदार आक्षेप असा: अशा वर्गांनी अपघात कमी होतात याला पुरावा काय? कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने २००३ मध्ये परवाना मिळाल्यानंतरच्या चालक-शिक्षणाचा आढावा घेतला आणि त्यातून अपघात किंवा जखमा कमी होतात असा पुरावा सापडला नाही, असे स्पष्ट म्हटले. त्या चाचण्या बहुतेक अमेरिकेतल्या होत्या, पण एवढ्यावरून निष्कर्ष झटकता येत नाही. ब्रिटनच्या परिवहन खात्यासाठी २०१८ मध्ये झालेल्या अभ्यासात वेग-जागृतीच्या वर्गाला गेलेले चालक, दंड-गुण स्वीकारणाऱ्यांपेक्षा पुढच्या सहा महिन्यांत पुन्हा वेगासाठी सापडण्याची शक्यता १२ ते २३ टक्क्यांनी कमी निघाली. अपघातांवर परिणाम झाला असे मात्र त्या आकड्यांतून ठामपणे सांगता आले नाही. मी यातून इतकेच घेतो: वर्ग हा चमत्कार नाही. सवयीवर त्याचा परिणाम दंडापेक्षा थोडा अधिक असू शकतो. पण तुलना नेहमी वर्ग आणि परिपूर्ण सुधारणा यांची केली जाते, आणि ती अन्यायाची आहे. आपल्याकडची तुलना वर्ग आणि पाच रुपये फी यांची आहे. पाच रुपये भरून कोरा परवाना घेतलेला चालक किती सुधारला, याचा अभ्यास करावा असे कधी कुणाच्या मनातही आले नाही.

दुसरा आक्षेप ऐकायला मिळतो तो आपल्या स्वभावाबद्दलचा: इथे दाखले विकले जातील. विकले जातील, हे मान्य करूनच रचना केली पाहिजे. आज मोटार ड्रायव्हिंग स्कूलच शिकवते आणि तिच्याच वहीवर हजेरी लागते. उजळणीचा दाखलाही अशाच हजेरीवर मिळाला तर तो विकाऊ होणारच. म्हणून दाखला बसल्याचा नको, परीक्षेत उतरल्याचा हवा, आणि परीक्षा शिकवणाऱ्याने घेऊ नये. केंद्राने १ जुलै २०२१ पासून मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचे नियम लागू केले. हलक्या वाहनासाठी चार आठवड्यांत २९ तास, जड वाहनासाठी सहा आठवड्यांत ३८ तास, आणि त्या केंद्रांत उजळणीचे वर्गही घेता येतील. या नियमांत एक गोष्ट मला खटकते. तिथे शिकून बाहेर पडणाऱ्याला परिवहन कार्यालयातल्या चाचणीतून सूट आहे. नवशिक्याच्या बाबतीत ही सूट वादाची. शेरा पुसून घ्यायला आलेल्याच्या बाबतीत ती देताच कामा नये.

तिसरा आक्षेप पोटाचा. पगारी ड्रायव्हरचा एक दिवस वर्गात गेला म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडाली. हौशी मोटारवाल्याला मात्र रविवार मोकळा. हा आक्षेप मला सर्वांत जवळचा वाटतो, आणि त्याचे उत्तरही त्याच्याच पोटात आहे. दंडाची रक्कम दोघांना सारखी असते, म्हणून ती गरिबाला अधिक लागते. वेळ मात्र दोघांकडे चोवीस तासच असतो. वर्गात बसण्याचा कंटाळा श्रीमंतालाही पैसे देऊन टाळता येत नाही. बुडालेल्या मजुरीचा प्रश्न उरतो, आणि त्यासाठी मालकाला जबाबदारीत ओढावे लागेल: गाडी मालकाच्या धंद्यासाठी धावत असेल तर वर्गाचा दिवस भरपगारी. कोल्हापूरकर पैशाच्या सक्तीपुढे झुकत नाहीत, हे प्रा. एन. डी. पाटील यांच्या नेतृत्वाखाली वर्षानुवर्षे चाललेल्या टोलविरोधी आंदोलनाने अवघ्या महाराष्ट्राला दाखवले आहे; शेवटी टोल गेला. अशा गावात दंड वाढवून शिस्त आणण्यापेक्षा शिकवून आणण्याला दाद मिळण्याची शक्यता जास्त, असे मला वाटते. निदान प्रयोग करून पाहण्याइतकी तरी.

आणि या गावाला त्याचा वारसाही आहे. शाहू महाराजांच्या राज्यात काही जातींच्या लोकांना रोज हजेरी द्यावी लागे. जन्मानेच त्यांच्या नावावर शेरा होता. १९१८ मध्ये महाराजांनी ती हजेरी बंद केली. ज्यांच्यावर चोरीचा शिक्का होता त्या फासेपारध्यांना पहाऱ्याचे काम दिले, आणि ज्यांना शिवायचे नाही असा दंडक होता त्यांना माहूत, कोचमन म्हणून नेमले. ही तुलना मी जपून करतो. हजेरीखालच्या माणसाने काही केलेले नव्हते आणि सिग्नल तोडणाऱ्याने केलेले असते. दोन्ही शेऱ्यांचे नैतिक वजन एक नाही. साम्य आहे ते उपायात. रोजच्या हजेरीने पन्नास वर्षांत जे साधले नसते ते हातात काम आणि जबाबदारी दिल्याने साधेल, हा हिशेब महाराजांनी केला होता, आणि नुसती नोंद ठेवून माणूस बदलतो ही प्रशासनाची समजूत त्यांनी मोडीत काढली होती. त्यांनीच वसवलेल्या पेठेच्या नावाची शाहूपुरी तालीम कोल्हापुरात आजही आहे. तिथे चितपट झालेल्या पोराला कुणी दंड लावत नाही, आणि तीन वर्षे थांब, मग पाहू, असेही म्हणत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे तो त्याच मातीत उतरतो आणि जिथे पकड सुटली तिथून सुरुवात होते.

ड्रायव्हरसाठी हे करायला नवा कायदा लागत नाही. कलम २५ मध्ये दोन बदल पुरेत. वेगाच्या शेऱ्याला दिलेली एका वर्षाची सवलत काढून टाकावी. आणि तीन वर्षांच्या मुदतीपुढे एक वाक्य घालावे: स्वतंत्र परीक्षेसह उजळणी पूर्ण केलेल्याला ही मुदत दीड वर्ष, पाच वर्षांत एकदाच. तडजोडीत मिटलेले गुन्हेही त्या हिशेबात धरावेत, चलान गाडीबरोबर परवान्यालाही चिकटावे, म्हणजे ‘वाहन’ आणि ‘सारथी’ या दोन नोंदवह्या एकमेकींशी बोलू लागतील. कायद्यात बदल दिल्लीने करायचे आहेत. वर्ग मात्र राज्याला आजच्या नियमांतही सुरू करता येतात. परिवहन खात्याने त्यातला पहिला वर्ग कोल्हापुरात, मध्यवर्ती बसस्थानकापासून चालत जाता येईल अशा जागी, रात्रीची पाळी संपवून आलेल्या ड्रायव्हरला सोयीच्या वेळी घ्यावा.